ऑफिस कॉपीतली कोरी ओळ

मला भौतिकशास्त्र येत नाही. मॅट्रिकला विज्ञानात काठावर पास झाले, तेही मास्तरांच्या कृपेनं. पण नागपूरला विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी वीस वर्षांच्या वर टंकलेखिका होते, आणि देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना गेलेली पत्रं माझ्या बोटांखालून गेली. अणूच्या पोटात काय असतं ते मला कोणी विचारू नये. पण त्यावरून दोन सभ्य माणसं दोन-दोन वर्षं कशी भांडतात, ते मी सांगू शकते.

माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. साठच्या दशकाच्या अखेरीस मी मुलाखतीला गेले तेव्हा टेबलामागे विभागप्रमुख डोर्लीकर सर एकटेच बसले होते. हातात चहा, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग. मी माझा टायपिंगचा वेग सांगितला.

"वेग नको आहे मला," सर म्हणाले. "तुम्हाला थांबता येतं का?"

मला वाटलं, माणूस जरा सर्किट दिसतो. महिन्याभरात कळलं की सगळी नोकरीच त्या प्रश्नात होती.

सैद्धांतिक भौतिकशास्त्र म्हणजे प्रयोगशाळा नसलेलं शास्त्र. ना परीक्षानळी, ना दिवा. कागद, पेन्सिल आणि दुसऱ्या देशात बसलेला, हेच करणारा एखादा माणूस, एवढंच सामान. आमच्या विषयात डोकं लढवणारे जगात पन्नास-साठ लोक असतील असं सर म्हणायचे, आणि त्यातला नागपुरात एकच. म्हणजे बोलायचं तर पत्रानंच. पत्र जायला दहा-बारा दिवस, उत्तर यायला तेवढेच, आणि मध्ये विचार करायला हवे तितके.

आता अडचण अशी की इंग्रजी टाईपरायटरवर सूत्रं उमटत नाहीत. ग्रीक अक्षरं नाहीत, वर्गमूळ नाही, लांबलचक आडवी रेघ नाही. म्हणून मजकूर टाईप करायचा आणि सूत्राच्या जागी थांबायचं. सर कच्च्या कागदावर सूत्राखाली आकडा लिहीत, चौदा किंवा बावीस. तितक्या वेळा मोकळी पट्टी दाबायची आणि पुढचा शब्द धरायचा. मग सर काळ्या शाईनं त्या जागा भरायचे. जागा कमी पडली तर सूत्र शब्दांच्या अंगावर चढायचं आणि जास्त झाली तर पान दात पडल्यासारखं दिसायचं. वडिलांच्या मागावर बसून मी दोरे मोजायला शिकले होते, तेव्हा मोजण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

दुसरी अडचण कार्बनची. वर विमानटपालाचा पातळ कागद, मध्ये कार्बन, खाली फायलीत ठेवायची ऑफिस कॉपी. टाईप केलेलं खाली उमटतं, पण सूत्रं हातानं भरायची ती कागद मशीनमधून काढल्यावर. तोवर कार्बन बाजूला गेलेला असतो. म्हणजे परदेशी जाणारं पत्र भरलेलं आणि आमच्या फायलीतलं भोकाभोकाचं. माझ्या आधीच्या टंकलेखकानं अशा भोकांच्या फायलीच्या फायली ठेवल्या होत्या. त्या वाचायच्या म्हणजे 'यावरून सिद्ध होतं की' आणि पुढे मैदान.

मी आल्याबरोबर नियम केला. सरांनी सूत्रं भरली की पत्र माझ्याकडे यायचं. मी एकेक सूत्र पाहून ऑफिस कॉपीत उतरवायची आणि मगच पाकिटाला डिंक. अर्थ कळत नव्हता, पण चित्र काढता येत होतं. सर गमतीनं म्हणायचे, "बाईंनी डिंक लावल्याशिवाय विश्व पुढे सरकत नाही."

त्यापुढची कामगिरी आमचे शिपाई महादेवराव यांची. टपाल पेटीत टाकायला त्यांचा सक्त विरोध होता. परदेशी पत्राची तिकिटं भारी असतात आणि वाटेत कोणीतरी काढून घेतं, असा त्यांचा अनुभव होता. ते पोस्टात जाऊन खिडकीशी उभे राहायचे. बाबू म्हणायचा, ठेवून जा. महादेवराव म्हणायचे, "ठप्पा मारा जी, माह्या डोळ्यापुढं मारा. मी हालून नाही राहिलो." असे आमचे सिद्धांत समुद्रापार जायचे.

या पत्रांची भाषा मला हळूहळू कळायला लागली. 'तुमची तिसरी पायरी मला नीट समजली नाही' म्हणजे तिसरी पायरी चूक आहे. 'हे फारच रोचक आहे' म्हणजे वाचलेलं नाही. 'कदाचित माझीच चूक होत असेल' म्हणजे माझी नक्कीच होत नाही. एका जपानी गृहस्थांशी सरांचं एका वजाबाकीच्या चिन्हावरून दीड वर्ष चाललं होतं. शेवटी त्यांचं पत्र आलं, त्यात नमस्कार, एक वाक्य आणि सही. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बाई, आपण हरलो." मग सगळ्यांना चहा पाजला. हरल्याचा चहा पाजणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही.

येणाऱ्यांतही एकेक नमुने असत. प्रताप नगरचे एक निवृत्त ओव्हरसियर दर पंधरवड्याला यायचे. प्रकाशाचा वेग साफ चुकीचा मोजला गेला आहे असं त्यांचं म्हणणं होतं आणि तसं पत्र त्यांना जगातल्या सर्व शास्त्रज्ञांना पाठवायचं होतं. मी विचारलं, "सर्व म्हणजे किती कार्बन लावू?" ते रागावून सरांकडे गेले. सरांनी मला आत बोलावून त्यांचं पत्र टाईप करायला लावलं. वर सांगितलं, "यांच्याही पत्राची ऑफिस कॉपी ठेवा. कोण कधी बरोबर ठरेल सांगता येत नाही." ओव्हरसियर साहेब बरोबर ठरले नाहीत, पण यायचे थांबले. ऐकून घेतलं की पुष्कळ लोक थांबतात.

हे झालं हसण्यावारी. आता मेश्राम.

मेश्राम सरांकडे पीएच.डी. करत होते. वडील उमरेडकडच्या कोळसा खाणीत. छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेलं घर, आणि त्या घरातले पहिले एम.एस्सी. तिशीला आले होते, सक्करदऱ्याला खोली घेऊन राहायचे, शिकवण्या करायचे. उमरेडची म्हणून माझ्याशी त्यांचं बरं जमायचं. बोलणं कमी. आकडेमोड मात्र अशी स्वच्छ की त्यांच्या कच्च्या कागदावरून थेट टाईप करता यायचं.

स्वीडनमधल्या एका प्राध्यापकांशी सरांचा जुना पत्रव्यवहार होता. त्यांचं नाव सरळ म्हणता यायचं नाही, म्हणून आम्ही त्यांना 'स्वीडनवाले' म्हणायचो. दोघांचं एक कोडं बरेच दिवस अडलं होतं. स्वीडनवाल्यांचं उत्तर चार पानं लांब आणि तरी अपुरं. एका सकाळी मेश्राम आले आणि सरांच्या टेबलावर कागद ठेवला. सरांनी तो तीनदा वाचला. मग उठून खिडकीशी गेले आणि परत येऊन चौथ्यांदा वाचला.

"एका ओळीत?" सर म्हणाले.

"बसते जी एका ओळीत," मेश्राम म्हणाले.

सरांनी लगेच पत्र सांगायला घेतलं. तीन पानी पत्र, तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'माझ्या विद्यार्थ्यानं काढलेलं सूत्र असं आहे', आणि खाली एक मोकळी ओळ. पण त्या दिवशी घाई होती. सरांना कलकत्त्याच्या परिषदेसाठी दुपारची गाडी पकडायची होती. मला उमरेडची बस गाठायची होती, धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. सर म्हणाले, "मी गाडीत बसल्या बसल्या सूत्रं भरतो आणि वाटेतल्या स्टेशनावर टपालात देतो. ऑफिस कॉपी आल्यावर भरा." मी हो म्हटलं. वीस वर्षांत नियम मोडायची ती एकच वेळ.

चार दिवसांनी मी कामावर आले तोवर महादेवरावांनी कच्चे कागद चहाच्या शेगडीला लावले होते. तेही नेहमीचंच. मी ऑफिस कॉपी तशीच फायलीत अडकवली. सर आल्यावर विचारू म्हटलं, आणि विसरले.

महिन्याभरानं स्वीडनवाल्यांचं कार्ड आलं. 'तुमच्या विद्यार्थ्याच्या निष्कर्षानं मला झपाटलं आहे. त्यावरच काम करत बसलो आहे.' सरांनी ते मेश्रामना दाखवलं. मेश्राम दिवसभर हसऱ्या चेहऱ्यानं हिंडत होते.

पुढच्या वर्षी स्वीडनवाल्यांचा लेख छापून आला. त्यात तेच सूत्र, एका ओळीत, त्यांच्या नावावर. लेखाच्या तळाशी 'एका पत्राबद्दल' डोर्लीकर सरांचे आभार. विभागात सगळे पेटले. पत्रातून सूत्र उचललं आणि वर पत्राबद्दल आभार! मी तर मनात त्या माणसाला चोर म्हणून मोकळी झाले.  मेश्राम म्हणाले, "जाऊ द्या जी. प्रबंध तर माह्याच नावाचा आहे ना?"

प्रबंध गेला, आणि बाहेरगावच्या परीक्षकांचा शेरा आला. हे प्रकरण छापील लेखावरून उचललेलं दिसतं, सबब तोंडी परीक्षा घेण्याचं कारण दिसत नाही. चोरी झाली म्हणून आम्ही बोंबलत होतो, आणि चोर ठरले मेश्राम. सरांनी त्यांच्या बाजूनं लिहून दिलं. विद्यापीठाच्या ऑफिसातून उत्तर आलं, मार्गदर्शकाची साक्ष ही साक्ष नव्हे, तारखेचा कागद दाखवा. मेश्रामच्या वह्यांवर तारखा नव्हत्या. तारखेचा कागद एकच होता, माझ्या फायलीत.

मी फाईल उघडली. तारीख होती. 'माझ्या विद्यार्थ्यानं काढलेलं सूत्र असं आहे' हे होतं. खाली कोरी ओळ.

 मी कोणाला सांगितलं नाही. मेश्रामना बोलावलं, सूत्र एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि ते टेबलाशी उभे असतानाच मी पेन काढून ऑफिस कॉपीत उतरवायला लागले. आधीच्या शेकडो कॉपी माझ्याच हातानं भरलेल्या होत्या. ही एक उशिरा भरली, एवढंच. कोणाला कळणार होतं?

मेश्रामनी पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. तो मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"काहून भरून राहिल्या हे?"

"खरंच तर आहे. हेच गेलं होतं ना पत्रात?"

"गेलं असंल. पन कागद त्या दिवसाचा अन् शाई आजची. असा कागद मी नाही लावत, बाई. चोर म्हनतात ते खोटं आहे. हा लावला त खरं होईन."

अर्धी ओळ लिहून झाली होती. आता तो कागद कोराही राहिला नव्हता आणि भरलेलाही नव्हता. एकमेव पुरावा मी माझ्या हातानं बाद केला होता. मी रडले, हे सांगायला लाज वाटत नाही. मेश्रामनी महादेवरावांना चहा सांगितला आणि तो येईपर्यंत ते माझ्यासमोर नुसते बसून राहिले.

मग मी सरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "मूळ पत्र तर जिवंत आहे ना? ज्याच्याकडे आहे त्यालाच मागू." ज्याला आम्ही चोर म्हणत होतो, त्याच्याकडेच चोरीचा पुरावा मागायचा! सरांनी पत्र सांगितलं. 'कार्यालयीन चुकीमुळे आमची प्रत अपुरी राहिली.' मी टाईप करताना 'कार्यालयीन' काढलं आणि 'आमच्या टंकलेखिकेच्या' घातलं. सरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

सात आठवडे उत्तर नव्हतं. विभागात एका अध्यापकाची जागा निघाली होती. मेश्रामचं तिथं जवळजवळ ठरल्यात जमा होतं, पण पदवी हातात हवी होती. ती मुदत त्या सात आठवड्यांत संपली. जागेवर दुसरे आले. माणूस वाईट नव्हता, पण मी त्याच्याशी कधी धड बोलले नाही.

आठव्या आठवड्यात जाड पाकीट आलं. सर, मेश्राम आणि मी टेबलाभोवती उभे राहिलो. महादेवराव दाराशी. आत आमच्या पत्राची झेरॉक्स होती. पहिलं पान, सरांच्या अक्षरातली सूत्रं. दुसरं पान, तसंच. तिसरं पान सरांनी उजेडाकडे धरून पाहिलं.

तिसऱ्या पानावरची ओळ कोरी होती.

विमानटपालाचे ते पातळ कागद एकमेकांना चिकटतात. सही निघण्याआधीच झाली होती; गाडीत सूत्रं भरताना तिसरं पान दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिलं आणि भरलंच गेलं नाही. सर आजवर मनापासून समजत होते की आपण भरलं. मी त्या दिवशी डिंकाआधी ऑफिस कॉपी उतरवायला बसले असते, तर ते तिथंच सापडलं असतं. आणि मी भरलेली ती अर्धी ओळ परीक्षकांकडे गेली असती आणि शेजारी हे कोरं पान ठेवलं गेलं असतं, तर मेश्राम जन्माचे बुडाले असते.

सोबत स्वीडनवाल्यांचं पत्र होतं. सरांना वाचवेना, मेश्रामनी वाचलं. त्यांनी लिहिलं होतं, कोरी ओळ पाहून मला वाटलं की तुम्ही सूत्र मुद्दाम झाकून ठेवलं आहे. विद्यार्थ्याचं काम छापून येण्याआधी तसं करतात, म्हणून मी विचारलं नाही. विचारणं असभ्यपणाचं झालं असतं. पण जागा एका ओळीची होती. माझं उत्तर चार पानांचं होतं. नागपूरच्या एका विद्यार्थ्याला ते एका ओळीत सापडलं आहे, तर ते आहेच, असं धरून मी शोधायला बसलो. पाच महिने लागले. पुढे तुमचा लेख येईल म्हणून वाट पाहिली, आला नाही, तेव्हा माझा पाठवला. तुमच्या परीक्षकांना मी एवढंच लिहू शकतो की त्या तारखेला तुमच्या विद्यार्थ्याकडे एका ओळीचं उत्तर होतं. ते हेच होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी ते पाहिलेलं नाही.

वर्षभर आम्ही एका सज्जन माणसाला चोर म्हणत होतो, आणि त्यानं आमच्या विसरभोळेपणाला सभ्यता समजून मान दिला होता. महादेवराव दारातून म्हणाले, "म्हनजे चोर कोनीच नोता का जी?"

त्या पत्रावर तोंडी परीक्षा मिळाली. परीक्षक आले. मेश्राम फळ्यापाशी गेले आणि त्यांनी तेच सूत्र छापील लेखातल्यापेक्षा वेगळ्या वाटेनं काढून दाखवलं, निम्म्या पायऱ्यांत. परीक्षकांनी तिथल्या तिथं सही केली. माफी मात्र मागितली नाही.

पदवी मिळाली, पण जागा गेली ती गेलीच. मेश्राम उमरेडकडच्या एका कॉलेजात लागले. आठवड्याला अठ्ठावीस तास, प्रयोगशाळेच्या चाव्या, परीक्षांचे गठ्ठे. संशोधनाचा दुसरा लेख त्यांनी लिहिला नाही. सर अधूनमधून त्यांना कोडी पाठवायचे. दोन-तीन उत्तरं आली, मग तीही थांबली. सर गेले तेव्हा मेश्राम आले होते, मागच्या मागे उभे होते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी निवृत्त झाले, तेव्हा ते उमरेडहून बसनं आले. केस पांढरे झाले होते. सगळे पांगल्यावर मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलले. "मेश्राम, माझ्या एका आळसापायी तुमचं आयुष्य कुठल्या कुठं गेलं."

"नाही वं बाई," ते म्हणाले. 'वं' त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं, घरच्या बाईला म्हणावं तसं. "तुमी एक ओळ भरायची विसरल्या. मानूस विसरते. पन परीक्षकानं मानलं नाही, हापिसानं मानलं नाही, सरांनी लिहून देल्लं तरी कोनी मानलं नाही. अन् ज्यानं मले कधी पाहिलं नाही, त्यानं कोरा कागद पाहून मानलं, का याले जमलं असंल. पाच महिने घातले त्यानं त्या भरोशावर. मी कोनावर रागावू, तुमीच सांगा."

 वर लिहिताना मी एक गोष्ट गाळली आहे. त्या दिवशी पेन हातात घेण्याआधी मी त्यांना हळूच विचारलं होतं, "मेश्राम, सूत्र खरंच तुमचंच आहे ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं आणि होय म्हटलं होतं. ज्यांनी मानलं नाही त्यांची नावं घेताना त्यांनी माझं नाव घेतलं नाही.